गिरिजाचं इरकली लुगडं

आजवर हे मी कुणाजवळ बोललेले नाही. यांच्याजवळ बोलायचं कारण नव्हतं, त्यांना सगळं ठाऊक होतं. पण बहिणीजवळ नाही, लेकीजवळ नाही, तुळजापुरात एवढी वर्षं काढली तर देवीपुढं उभं राहूनसुद्धा नाही — तिथं मी आपली दुसरंच काहीबाही मागत राहिले. आता तुम्ही ऐकायला बसलाय, माझे कुणी लागत नाही, म्हणून तोंड उघडतेय. पण घाई करू नका बरं का. मुद्द्याची गोष्ट आली की मी गावभर हिंडून येते, अशी यांची तक्रार असायची. खोटी नव्हती.

तर आधी यांचंच सांगते. हे फोटोग्राफर. निजामाच्या काळात हैदराबादेत एका मोठ्या स्टुडिओत शिकले. पोलीस अॅक्शन झाली, तिकडचं काम बसलं, आणि कॅमेरा, रंगवलेले पडदे, काचेच्या प्लेटा असा सगळा बाडबिस्तरा घेऊन हे मुरुमला आले. मुरुम म्हणजे बाजाराचं गाव, अर्धं मराठी बोलणारं, अर्धं कानडी. पुढं दुकान, मागं आमच्या दोन खोल्या. माझे वडील उमरग्याला मास्तर होते. त्यांनी जावई निवडला तो हैदराबादेत शिकलेला म्हणून. काय शिकलेला, ते विचारायचं राहून गेलं.

नुसते बाळांचे आणि नवरानवरीचे फोटो काढून हे थांबणारे नव्हते. सोलापूरच्या एका बिडीवाल्याचं कॅलेंडर यांनी केलं — उसाच्या फडात उभी बाई, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, दातात उसाचं कांडं, आणि नजर अशी थेट की बघणाऱ्यानंच मान खाली घालावी. झालं! गावात हा गवगवा. बायकांनी नावं ठेवली, पुरुषांनी चारचौघांत नावं ठेवली आणि कॅलेंडर खोलीच्या दाराआड नेऊन लावलं. मग साबणवाला आला, लुगड्यांचा व्यापारी आला, अगरबत्तीवालासुद्धा आला. अगरबत्तीला कसली हो उघडी पोटरी? पण तोही तेच मागायचा. पार गुलबर्ग्यापर्यंत यांचं नाव झालं, चावट फोटो काढणारा म्हणून. हे हसायचे. लोक थांबून बघतात ना, मग झालं की, म्हणायचे.

माझं काम काय, तर पांढरी चादर धरून उजेड त्या बाईच्या अंगावर पाडायचा. स्टुडिओच्या छपराला काचेची कौलं होती, तिथून ऊन यायचं. बाईला नेसवायची मी, पदर टाचायची मी, घाम टिपायची मी. बाया सोलापूरहून यायच्या, नाटक कंपन्यांतल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, मला वहिनी वहिनी करायच्या. पण एकदा का यांनी काळ्या कपड्याखाली डोकं घातलं की मी त्या खोलीत नसायचेच. चादर धरून हात भरून यायचे आणि हे तिकडं बघत राहायचे, बघत राहायचे. घरात माझ्याकडं असं कधी बघितलं होतं? भाजीत मीठ कमी पडलं तर बघायचे. मला जळजळ व्हायची. आता या वयात कबूल करायला काय हरकत आहे — मला त्या बायांचा हेवा वाटायचा.

आता गिरिजाचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

गिरिजा आमची शेजारीण, भिंतीला भिंत. भावाकडं राहायची. जळकोटला दिलेली, पण सासूशी पटलं नाही, आणि नवरा आईच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. भांडण कशावरून, तर दूध उतू गेलं यावरून. खरंच. दुधावरून सुरू झालं आणि हिला भावाच्या दारात आणून सोडण्यावर संपलं. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेली पोरगी होती, रेवा, ती त्यांनी ठेवून घेतली. आमच्या घरची पोर आमच्या घरात राहील, म्हणाले.

गिरिजा दिवसभर मशीनवर लोकांची पोलकी शिवायची आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून रेवासाठी झगा बेतायची. माप कुठलं? माझ्या कमरेशी हात धरून विचारायची, अक्का, आता एवढी झाली असंल का हो? मी म्हणायचे, झाली असेल. मग तेवढा शिवायचा आणि जळकोटकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा. तिकडून कधी निरोप आला नाही, की झगा बसला का घट्ट झाला. ती पुढचा बेतायला घ्यायची. मला ती आवडायची हो. हे मी आत्ता बरं दिसावं म्हणून म्हणत नाही. माहेर सोडल्यावर मला जिवाभावाची अशी ती एकटीच होती.

तिच्याकडं सणाचं एक इरकली लुगडं होतं. आजी विणकरांतली, तिनं स्वतःच्या हातानं मागावर विणलेलं. जांभळट काळं अंग, लाल रेशमाचा पदर. पदर विणताना लाल रेशीम संपलं म्हणे, तर म्हातारीनं मधला एक पट्टा पिवळा घालून काम भागवलं. तसा पदर आख्ख्या मुरुमात दुसरा नव्हता. आणि एक लक्षात घ्या, आमच्यात तेव्हा बाईला लांबून तोंडावरून कुणी ओळखत नसे. पदर पुढं ओढलेला, तोंड दिसतंय कुठं? लुगड्यावरून ओळखायचे. प्रत्येकीची सणाची लुगडी ती किती, सगळ्या गल्लीला पाठ. अमकीचं लुगडं गेलं म्हणजे अमकी गेली. गिरिजाला तर बायका पिवळ्या पट्ट्याची म्हणूनच चिडवायच्या.

मग एका तेलवाल्याचं काम आलं. केसांचं तेल. यांच्या डोक्यात एक फोटो बसला — नुकतीच न्हाऊन पाटावर बसलेली बाई, पाठमोरी, दोन्ही हातांनी केस वर घेतेय, पाठ उघडी, लुगडं नुसतं पुढून धरलेलं आणि पदर मागं जमिनीवर पसरलेला. तोंड दिसायचं नाही. सोलापूरच्या दोघीजणी येऊन गेल्या. यांना पसंत पडेना. म्हणाले, कुणीतरी बघतंय हे यांना ठाऊक असतं, यांची पाठसुद्धा नाटक करते. मला घरंदाज बाईची पाठ हवी. आता घरंदाज बाई पाठ उघडी टाकून कशाला बसेल यांच्यापुढं? चार दिवस घरात चिडचिड, आदळआपट.

तेव्हा मी म्हणाले, माझी पाठ काय वाईट आहे का?

हो. मीच म्हणाले. यांनी गळ घातली नव्हती, जबरदस्ती तर नाहीच नाही. उलट हे बघतच राहिले माझ्याकडं. तुम्हाला वाटेल, नवऱ्याच्या धंद्यापायी बिचारी तयार झाली. नाही हो. मला त्या पाटावर बसायचं होतं. काळ्या कपड्याखालून त्यांनी एकदा माझ्याकडं तसं बघावं, एवढंच मला हवं होतं.

गडद अंगाचं इरकली हवं, म्हणजे पाठ उजळ दिसेल, म्हणाले. माझ्याकडं तसलं नव्हतं. मी गिरिजाकडं गेले आणि उमरग्याला लग्न आहे असं सांगून तिचं मागितलं. तिनं हात पुसले, पेटी उघडली, लुगडं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, अक्का, ह्यात तुमी लई चांगल्या दिसाल. खोट्याची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची. पण तेवढ्या खोट्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं.

दुपारी दार लावून घेतलं. उन्हाचा पट्टा पाठीवर आला. हे एवढंच बोलायचे — केस वर घे. अजून. थांब. तशीच थांब. लाज वाटली का? नाही वाटली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. लग्नानंतर पहिल्यांदा मी कुणीतरी आहे असं वाटलं.

फोटो काळापांढरा, त्यात पिवळं काय आणि लाल काय, सगळं राखाडी. तेवढ्यावर राहिलं असतं तर कुणाला काही कळलंच नसतं. पण छापायला पाठवायच्या आधी हे मोठ्या कागदावरचा फोटो हातानं रंगवायचे, आणि रंगाच्या बाबतीत फार हट्टी. वस्तू समोर हवी. म्हणून लुगडं ठेवून घेतलं, खिडकीत पसरलं, आणि त्याच्याकडं बघत बघत पदर रंगवला. मी शेजारी बसून गहू निवडत होते. यांनी ब्रश वर धरून मला विचारलंसुद्धा, की हा मधला पट्टा पिवळाच ठेवू ना? छान दिसतोय. मी मान वर करून बघितलं. खरंच छान दिसत होता. ठेवा की, म्हणाले. एक लाल ब्रश फिरवायचा होता फक्त. मला सुचलं नाही, का मला माझा फोटो छान दिसायला हवा होता? पुष्कळदा विचार केलाय. दोन्ही असेल.

लुगडं धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून परत केलं. लग्न कसं झालं, तिनं विचारलं. चांगलं झालं, म्हणाले.

कॅलेंडर संक्रांतीच्या आधी बाजारात आलं. सलूनमध्ये, पानाच्या गादीवर, एसटी स्टँडच्या हॉटेलात, जिकडं तिकडं तीच पाठ. गाव पुन्हा पेटलं. आणि मी काय करायचे ठाऊक आहे? पदर डोक्यावर नीट ओढून, भाजी आणायच्या निमित्तानं त्या हॉटेलावरून जायचे. बशीतला चहा तसाच हातात धरून माणसं वर बघत असायची. मला हसू यायचं. घरी येऊन यांना सांगायचे. आम्ही दोघं हसायचो.

मग एक दिवस गिरणीत दळण घेऊन गेले तर बायका बोलत होत्या. अगं तो पदर बघितलास का, पिवळा पट्टा? गिरिजाचं लुगडं ते. अन् फोटोवाल्याच्या घरात तर तिची सदा ये-जा. नवऱ्यानं टाकलेली, तिला काय कुणाची भीती? मी आत पाऊल टाकलं तशा गप्प झाल्या. एकीनं मला जागा करून दिली. माझ्यावर कुणाला शंका आली नाही, येणारच नव्हती. मास्तरांची लेक मी, हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं मला. आणि आपल्या बायकोची उघडी पाठ कोण बाजारात टांगेल? यांना चावट म्हणत होते, तरी तेवढं वाईट कुणी धरत नव्हतं. मी दळण घेतलं आणि घरी आले. 

गिरिजाच्या कानावर गेलंच. तिनं कॅलेंडर बघितलं आणि माझ्याकडं आली. लुगडं कुणाला दिलं होतं ते तिला ठाऊक, माझी पाठही ठाऊक. सणासुदीला एकमेकींच्या पाठीला तेल लावायचो आम्ही. मला वाटलं आता भांडेल. ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, अक्का, मला आधी सांगितलं असतं तर म्या दुसरं लुगडं आणून दिलं असतं कुणाचं तरी. एवढंच. मग चुलीपाशी बसली आणि खरं काय ते बोलली. एका जंगम स्वामींनी मध्ये पडून सासरच्यांची समजूत काढली होती. संक्रांत झाली की सासू तिला नांदायला घेऊन जाणार होती. रेवालाही बरोबर आणणार होती. आणि तेवढ्यात तिच्या दिरानं स्टँडवर ते कॅलेंडर बघितलं, लुगडं ओळखलं; आता सासू येणार ती आधी त्याचा जाब विचारणार होती.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, अक्का, चारचौघांत नगा सांगू. सासू आली की तिला आत घेऊन तेवढं कानात सांगा, लुगडं तुमी नेलं हुतं म्हणून. बाईमाणूस हाय, ती कळून घेईल. माझी पोर हाय तिकडं.

मी म्हणाले, सांगते. तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले.

यांना सांगितलं, तर हे चटकन म्हणाले, तू कशाला, मीच सांगतो. माझ्या बायकोची पाठ आहे, मी काढलीय, यात चोरी कसली? आणि उठलेच, चप्पल घालायला लागले. लोक यांना निर्लज्ज म्हणायचे ना? त्या घरात लाज असलेला माणूस तोच एक होता. मी आडवी झाले. रडले, डोकं आपटून घेतलं. माझ्या गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगितलंत तर मी विहीर जवळ करीन म्हणाले. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, वडिलांना गावात मान होता — हे सगळं बोलले, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. गिरणीत त्या बाईनं मला सरकून जागा दिली होती ना, ती जागा मला सोडवत नव्हती. माझ्याविषयी कुणी तसं बोलेल, हा विचारच सहन होईना. गिरिजाविषयी बोलत होते, ते मात्र सहन झालं.

हे बसले खाली. चप्पल काढली.

सासू यायच्या दिवशी गिरिजाची ओटी भरायला मलाच बोलावलं होतं, शेजारची सवाष्ण म्हणून. लवकर यायचं ठरलं होतं, म्हणजे सासूशी एकटीनं बोलता येईल. मी मुद्दाम उशीर केला. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. खणनारळाचं ताट घेऊन गेले तोवर घर भरलं होतं. पुरुष ओसरीवर, बायका आत. गिरिजानं तेच लुगडं नेसलं होतं. दुसरं चांगलं होतंच कुठं? आणि मांडीवर रेवा. पोर आधी आईला बुजली असणार, पण आता मांडीवर टेकून बसली होती, आणि गिरिजा तिचे केस विंचरत होती. इतकी हळू विंचरत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. आली म्हणून.

सासू उंच, कपाळाला विभूती, आवाज कडक पण दुष्ट नव्हता. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, लुगडं तुझं का? गिरिजा म्हणाली, माझं. त्या फोटूत कोण हाय? म्या न्हाय, गिरिजा म्हणाली. मग कोण हाय? गिरिजाचा कंगवा थांबला. ती माझ्याकडं बघायला लागली.

सासू माझ्याकडं वळली. "बाई, तुमी शिकलेल्या, मास्तराच्या लेक. तुमच्या शब्दावर आमी हिला आत्ता घिऊन जातो. हिचं लुगडं तुमी नेलं हुतं का?"

किती सोपं करून दिलं होतं हो तिनं. नुसतं व्हय म्हणायचं होतं. का नेलं, कशाला नेलं, ते तिनं विचारलंसुद्धा नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "दुसरीचं लुगडं मी कशाला नेईन?"

नाही एवढ्यावर थांबले असते तरी... पण मी पुढचंही बोलले. आणि जरा ठसक्यातच बोलले, अपमान झाल्यासारखी. बायकांनी माना हलवल्या. बरोबरच आहे, हिला काय कमी आहे? गिरिजा माझं नाव घेऊ शकत होती. अक्का खोटं बोलतात, असं ओरडू शकत होती. घेतलं नाही. का नाही घेतलं? आपल्यावर कोण विश्वास ठेवणार असं वाटलं, का मी आत्ता बोलेन, आत्ता बोलेन म्हणून वाट बघत राहिली? मला माहीत नाही. मी ताटातल्या नारळाकडं बघत बसले होते.

सासू उठली. गिरिजाच्या मांडीवरून रेवाला उचललं. अर्धी वेणी झालेली, अर्धे केस मोकळे. गिरिजा सासूला म्हणाली, अत्ती, येवढी येणी घालू द्या. म्हातारीनं ऐकलं नाही. पोर रडली का? रडली असेल. मला आठवतं ते एवढंच, की गिरिजा कंगवा हातात धरून दारापर्यंत गेली आणि तिच्या भावानं तिला मागं ओढलं.

खणनारळाचं ताट मी तसंच उचलून घरी आणलं. त्या नारळाचं काय केलं म्हणाल, तर चटणी केली. टाकून द्यायला मन होईना.

मग भावानंही तिला ठेवलं नाही. थोड्याच दिवसांत ती सोलापूरला गेली, चादरीच्या कारखान्यात लागली असं कानावर आलं. जाताना माझ्याकडं आली नाही, का यावं? मी भिंतीपलीकडून मशीन उचलल्याचा आवाज ऐकला आणि कपडे वाळत घालायला मागं निघून गेले. पुढं काय झालं तिचं, ते मी कधी विचारलं नाही. कुणाला विचारायचं म्हटलं तर का विचारतेस असं झालं असतं ना.

यांनी मला कधी शब्दानं दुखवलं नाही. फक्त पुन्हा कुठल्या कॅलेंडराचं काम घेतलं नाही. व्यापारी गाड्या घेऊन आले, दारातून परत पाठवले. आणि चादर धरायला मला हाक मारणं बंद केलं, दोन खिळे ठोकून तिला दोरी बांधून घेतली. मुरुम सोडून आम्ही तुळजापूरला आलो. देवीला आलेली माणसं सहकुटुंब पडद्यापुढं बसायची, हे फोटो काढायचे. लोक म्हणायचे, किती सोज्वळ काम आहे यांचं. मुली दाखवायच्या फोटोसाठी आयाबाया खुशाल यांच्याकडं यायच्या, घरात बाई आहे, नीट नेसवते म्हणून. महाराष्ट्र झाला, वर्षं गेली. बहिणीचं लग्न झालं, वडील मानानं गेले. माझं सगळं नीट झालं. हे मुद्दाम सांगते.

तुम्ही म्हणाल, झालं, सांगून झालं. नाही. आणखी एक आहे. तेव्हा मी बावरले होते, चारचौघी होत्या, असं म्हणायला जागा तरी होती. या दुसऱ्याला तीही नाही.

एकदा जळकोटहून एक बाई पुतणीला घेऊन आली. मुलगी दाखवायचा फोटो हवा होता. काकू बाहेर यांच्याशी बोलत बसली आणि मी मुलीला नेसवायला आत घेतलं, दार लोटलं. नाव विचारलं तर रेवा म्हणाली. माझे हात थांबले. गिरिजाची हनुवटी, गिरिजाचेच लांब हात. सोळा-सतराची झाली होती. मला तेव्हा गप्प बसता आलं असतं, पण मी विचारलं, आई नाही आली का गं?

"मला आई न्हाय," ती म्हणाली. पाठ केल्यासारखं म्हणाली. मग दाराकडं बघून, आवाज खाली करून बोलली. "म्हंजी हुती. आमच्यात तिचं नाव घेत न्हाईत. तुमी पयले मुरुमला हुता ना? काकू सांगत हुती, म्हणून तर म्या हट्टानं हितं आले. माझ्या आईचा फोटू तुमच्याकडंच काढला हुता म्हणं. तसला. म्या काय बोलणार न्हाय कुणाला. मला नुसतं तिचं तोंड बघायचंय."

त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. हे बाहेर होते, आणि खरं सांगायला त्यांची तर कधीच ना नव्हती. गिरिजाची सासू मरून गेली होती. माझी बहीण नांदत होती, माझे वडील उरले नव्हते. मला कुणाचं भय नव्हतं. पोरीला एक वाक्य सांगायचं होतं — ती तुझी आई नव्हे, ती मी. मग तिला निदान आईचं नाव तरी घेता आलं असतं. सोलापूर काही लांब नाही, एसटीनं निघालं की दोन तासांत पोचतं. गिरिजा तेव्हा जिवंतही असेल.

ती माझ्याकडं बघत होती. मी तिच्या खांद्यावर पदर बसवत होते.

"त्यात तोंड दिसत नाही गं," मी म्हणाले.

आणि पदराला पिन लावली.